सूर्याचं वजन अन् माह्या कापसाचं

मंडळी, आज अकोटच्या बाजारात काय झालं ते आयका, अन् तुमीच सांगा.

अमेरिकेत लढाई लागली अन् इकडं कापसाचा भाव चढला, तवापासून माहा कोनावरच भरोसा नाही. रिकामा तराजू उचलून पाह्यल्याशिवाय मी मापाऱ्याले कापूस घालूच देत नाही.

माही पाळी आली, तेवढ्यात शाळेचे गुरुजी गाडीपाशी आले. म्हनाले, "पाटील, एका पारड्यात सूर्य आणि दुसऱ्यात सगळे ग्रह टाकले, तरी सूर्याचं पारडं जमिनीवरून उठणार नाही. त्या ग्रहांतही निम्म्याहून जास्त वजन एकट्या गुरूचं."

"मोजलं कोनं? तराजू कोनाचा?" मी भडकलो.

"तराजू लागत नाही. जो जितका जड, तितका तो जोरात ओढतो. गुरूचे चंद्र किती वेगानं फिरतात, त्यावरून गुरूचं वजन काढतात, आणि ग्रहांच्या फिरण्यावरून सूर्याचं."

मी खोदून खोदून इचारत राहिलो. वळून पाहतो तं मापाऱ्यानं माहा कापूस मोजून टाकला होता! घरून आठ मन आनला, इथं सात मन भरला.

सूर्याचं मले पटलं, मंडळी. पन गुरुजी त्याच मापाऱ्याच्या घरी राह्यतात, हे आता समजलं. मंग सांगा, ते नेमके माह्याच गाडीपाशी काहून आले असतीन?