खालच्या पट्टीतला इलियास

इलियासला पुण्याच्या एका स्टुडिओवाल्यानं फसवलं, आणि तेही तो गेल्यावर. मरायच्या दोन महिने आधी त्यानं जे गाणं आपल्या उतरलेल्या, खरखरीत, पण खऱ्या आवाजात गायलं होतं, त्यातून तो आवाज काढून टाकला. त्या जागी पंचवीस वर्षांपूर्वीचा तरणा आवाज कॉम्प्युटरवर बसवला आणि वर लिहिलं, ‘इलियासचं अखेरचं गाणं’. हे आधी सांगून टाकतो. मी तापट माणूस आहे. हे पोटात ठेवून गोड आठवणी लिहायला बसलो तर एक ओळ सरळ यायची नाही. स्टुडिओवाल्याचं नावही लिहिलं होतं, पुरवणीच्या संपादकांनी खोडलं. हरकत नाही. ज्याचं त्याला कळेल.

इलियास गेल्याचा फोन आला तेव्हा मी उमरग्यात, माझ्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये होतो. सकाळची वेळ. समोर नारंगवाडीकडचं एक गिऱ्हाईक बसलेलं, घासाघीस ऐन रंगात आलेली आणि मी चिडून उठून जायच्या बेतात होतो. हे उठणं माझं ठरलेलं असतं. फोनवर शमीम भाभी, इलियासच्या पत्नी. एरवी ‘भाईजान, जेवलात का’ इथून सुरुवात करणारी ही बाई त्या दिवशी एवढंच म्हणाली, "नागनाथभाई, आ जाओ." मी गिऱ्हाइकाला म्हणालो, तुझं खरं, घेऊन जा. तो माणूस घाबरला. त्याला वाटलं ट्रॅक्टरमध्येच काहीतरी खोट आहे...

बाहेरच्या जगाला इलियास ‘डांबर’ या रॉक बँडचा गायक म्हणून माहीत होता. मला तो हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानातला पोरगा म्हणून माहीत होता. दुकान त्याच्या अब्बांचं. अब्बा ट्रकच्या खाली झोपलेले असायचे, वर इंजिन धडधडत असायचं, आणि पाना कुठला पाहिजे, जॅक किती चढवायचा हे सगळं इलियासला त्या धडधडीच्या वरून ओरडून विचारावं लागायचं. लोक विचारायचे, तालीम कुठं झाली? तो सांगायचा, सहा टायरच्या गाडीखाली. हैदराबादकडचा कुणी ड्रायव्हर दुकानात एक इंग्रजी कॅसेट विसरला होता. आम्ही दोघांनी ती फीत निघेपर्यंत ऐकली. इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं. मी एकदा विचारलं, हा माणूस म्हणतोय काय नेमकं? "काय की," इलियास म्हणाला, "पन लई तापलाय." पुढं आठ दिवस तो त्या गाण्याचे शब्द म्हणून जे काही म्हणत होता ते इंग्रजीही नव्हतं, मराठीही नव्हतं, पण ताप मात्र अस्सल होता.

त्याचा तेव्हाचा आवाज मी सांगू कसा? सोलापूरच्या कॉलेजात ‘डांबर’ जमला, गाणी आमच्याच बोलीतली, आणि त्यातलं ‘ब्रेक न्हाय गाडीला’ हे गाणं सगळीकडं पोचलं. त्या गाण्याच्या शेवटी एक आरोळी होती. उतारावर ब्रेक गेलेला ट्रक हॉर्न दाबून खाली येतो ना, तशी ती वरून सुटायची आणि संपायचं नावच घ्यायची नाही. समोरच्या लोकांच्या माना आपोआप वर जायच्या. मी तेव्हा बँडचा मॅनेजर झालो होतो. म्हणजे कुणी केलं नव्हतं, मीच झालो. वडील जनावरांच्या बाजारात दलाल, त्यामुळं बोलणी करायची कला रक्तातच होती. आयोजक म्हणायचा, तुम्हाला मधेच उरकून घेऊ. मी म्हणायचो, शेवटी ठेव, मोठ्या अक्षरांत नाव लाव, आरोळी दोनदा देतो. तो आढेवेढे घ्यायला लागला की मी तीनदा करायचो. इलियासला विचारायची पद्धत नव्हती.

ढोकीला कारखान्याच्या वसाहतीत गणपतीचा कार्यक्रम होता. इलियासला ताप होता, घसा बसलेला. मी तीन आरोळ्या कबूल करून बसलो होतो, आणि वर चौथी लोकांनी मागितली. मी स्टेजच्या कडेला उभा राहून त्याला चार बोटं दाखवली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, हसला आणि चौथी दिली. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर त्याला बोलता आलं नाही. त्याची अम्मी गरम पाण्याचा पेला घेऊन त्याच्या मागं मागं फिरत होती आणि मी दारात दिसलो की पदर सावरून आत जात होती. मला वाटायचं, मोठ्या आहेत, बोलायला लाजत असतील...

तिशी उलटल्यावर ती आरोळी लंगडायला लागली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. धाराशिवच्या एका कार्यक्रमात ती वर गेली आणि शेवटच्या पायरीवर फाटली. लोकांनी ती आपल्या घशातून पुरी केली आणि त्यांना वाटलं हाच कार्यक्रमाचा भाग आहे. पुढच्या वेळी आरोळी साफ आली. सगळे खूश. मी नव्हतो. बैल चार पावलं चालला की कुठल्या पायात दुखतंय हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही कळायचं. मी स्टेजमागं जाऊन गिटारवाल्या सुधीरची मानगूट धरली. त्यानं कबूल केलं. सगळ्या तारा अर्ध्या सुरानं उतरवल्या होत्या, म्हणजे गाणंच खाली आलं आणि आरोळीला तेवढं वर चढावं लागलं नाही. मी इलियासवर उखडलो. लोक तुझ्या त्या उंचीसाठी येतात आणि तू त्यांना बुटकं गाणं विकतोस, ही फसवणूक आहे, असं पाच माणसांत बोललो. तो टॉवेलनं मान पुसत शांतपणे म्हणाला, "नाग्या, तुज्या बापानं म्हाताऱ्या बैलाची शिंगं साळून तरना म्हनून दावला, तवा तू दोरी धरून हुबा व्हतास. मला नगं शिकवू." पाच माणसं हसली. मी दोन महिने त्याच्याशी बोललो नाही. पण ते खरं होतं. शिंगं तासायची, रंगवायची, गोंडे बांधायचे, आणि दात बघायला कुणी तोंड उघडायला लागलं की त्याला चहा पाजायचा. आमच्या बाजारात हे चालायचं.

मग त्याच्या गळ्यात गाठी निघाल्या. सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि तीन आठवडे तोंडातून अक्षर काढायचं नाही म्हणून सांगितलं. शमीम भाभींनी पाटी-पेन्सिल आणली. इलियासचं अक्षर इतकं वाईट की पाटीवर काय लिहिलंय यावरून नवरा-बायकोत भांडण व्हायचं आणि ते एकाच बाजूनं ऐकू यायचं. मी दुपारी जाऊन बसायचो. एक दिवस त्यानं पाटी बाजूला सारली, माझ्या खांद्यावरचा पंचा ओढला आणि त्याच्याखाली माझा हात धरला. जनावरांच्या बाजारात दलाल असेच बोलतात. पंच्याखाली हातात हात, बोटं दाबून आकडा सांगायचा, तोंडानं एक शब्द नाही, आजूबाजूच्यांना पत्ता नाही. आम्ही पोरपणी माझ्या वडिलांचं पाहून हा खेळ खेळायचो. त्यानं माझी तीन बोटं दाबली. मला कळेना. त्यानं दुसऱ्या हाताचा अंगठा जमिनीकडं केला. तेव्हा उमगलं. आवाज परत आला की तो जुनी गाणी तीन पट्ट्या खाली गाणार होता. मी त्याचं एक बोट दाबलं. एकच. त्यानं पुन्हा तीन. मी दोनवर आलो. त्याचं तीन. आयुष्यात इतकं हटवादी गिऱ्हाईक मला भेटलं नाही. शेवटी मी त्याची मूठ बंद केली. बाजारात मूठ बंद केली की सौदा पक्का. भाभी दारातून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मेरे आदमी को बेच दिए क्या भाईजान?" इलियासला हसायलाही मनाई होती. त्याचे खांदे तेवढे हलत राहिले.

नवा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो शोरूमच्या मागच्या गोदामात, भर दुपारी, ट्रॅक्टरच्या पार्टच्या खोक्यांमध्ये. तो एका खोक्यावर बसून ‘ब्रेक न्हाय गाडीला’ गायला. वाळूवरून पोतं ओढत न्यावं तसा आवाज. मला आवडला नाही, आणि मी तसं सांगितलं. मग आरोळीची जागा आली. तो थांबला. आरोळी दिलीच नाही. नुसता श्वास घेतला, आत, खोल, जशी आता सुटणार... आणि तो श्वास हळूच सोडून दिला आणि शेवटची ओळ बोलल्यासारखी म्हणाला. मी वीस वर्षं ते गाणं ऐकत होतो. त्या ट्रकमध्ये ड्रायव्हर बसलेला आहे आणि त्याला ब्रेक नसल्याचं माहीत आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. तरणेपणी इलियास ट्रक होऊन गायचा. आता ड्रायव्हर होऊन गात होता.

लोकांना ते पचलं नाही. आरोळी, आरोळी म्हणून ओरडायचे. तुळजापूरला एकानं तर पुढं येऊन तोंडावर सांगितलं की तुमचं वय झालं. इलियास म्हणाला, "व्हय दादा, तुमचं बी व्हईल." कार्यक्रम कमी झाले. त्याला वाईट वाटत नसेल असं नाही. पण गाणं त्यानं वर चढवलं नाही. रोज सकाळी दुकानात, आता ते टायरचं मोठं दुकान झालं होतं, तो खर्जात एकच सूर धरून बसायचा. हवा भरायच्या मशीनचा आवाज कुठला आणि त्याचा कुठला ते कळायचं नाही.

पुण्याच्या स्टुडिओवाल्यानं बोलावलं तेव्हा इलियासनं मला बरोबर नेलं. जुनं गाणं नव्यानं रेकॉर्ड करायचं होतं. इलियासची अट एकच होती. जसं गाईन तसंच आलं पाहिजे, एक श्वाससुद्धा कापायचा नाही. स्टुडिओवाला तिशीतला, नम्र, मला काका म्हणाला, वाकून नमस्कार केला. त्यांचा छापील कागद होता, त्यावर इलियासनं सही केली, त्यात ही अट नव्हती. मी वीस वर्षं एक नांगर स्टँपपेपरशिवाय विकलेला नाही. त्या दिवशी मात्र मला काय झालं कोण जाणे. मी म्हणालो, आमच्याकडं शब्द असा घेतात, आणि पंच्याखाली त्याचा हात धरून मूठ बंद केली. आमच्या बाजारात हा शब्द मोडलेला मी पाहिला नाही. शिंगांत फसवणारा माणूसही मुठीत फसवत नाही, कारण पुढच्या बाजारी त्याच्या हातात कुणी हात देत नाही. पण पुण्याच्या माणसाला कुठला आला पुढचा बाजार? त्याला ती गावाकडची गंमत वाटली. त्यानं कुणाला तरी फोटो काढायला सांगितला. फोटोत नुसता पंचा दिसतो.

इलियास त्या दिवशी एकाच दमात गायला. दुसऱ्यांदा गायला सांगितलं तर म्हणाला, झालं. काचेपलीकडं बसलेली चार माणसं बराच वेळ उठली नाहीत. त्यात तो स्टुडिओवालाही होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून मला राग जास्त येतो.

इलियासचा चाळिसावा दिवस झाला आणि थोड्या दिवसांनी गाणं आलं. मी आणि शमीम भाभी दुकानात बसून ऐकत होतो. पहिल्या ओळीलाच मला कळलं. आवाज गुळगुळीत, वर चढलेला, शिंगं साळलेला. श्वासाच्या जागी ती जुनी आरोळी आणून चिकटवलेली. भाभींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "ये तो मेरी शादी के पैले का आवाज है. मैं जिसके साथ रही वो आदमी किधर है इसमें?"

मी पुण्याला फोन केला. शिव्या दिल्या, ते कबूल. तो शांतपणे म्हणाला, काका, लोकांच्या मनात जो इलियास आहे तोच आम्ही दिला, प्रेमापोटीच केलं. मग म्हणाला, तुमच्याकडं लेखी काही आहे का? नाही. माझ्याकडं लेखी काही नाही. त्यानंतर त्यानं फोन उचललेला नाही.

माझ्या वाट्याचं मी लपवत नाही. ती आरोळी सगळ्यात आधी मी विकली. ढोकीला चार बोटं मी दाखवली. अम्मी लाजून आत जात नव्हत्या, त्यांना माझं तोंड बघायचं नव्हतं, हे मला त्या गेल्यावर समजलं. ते सगळं इथं छापून देतोय, माझ्या नावासकट. आता स्टुडिओवाले, तुमची पाळी. मला माफी नको, गाणं मागं घ्या असंही म्हणत नाही, तुम्ही बसवलेला आवाज वाजवायचा तर वाजवा. पण त्या दुपारी इलियास तुमच्यासमोर एका दमात जे गायला ते रेकॉर्डिंग तुम्ही ठेवलंय, की त्याच्यावरच काम करून पुसून टाकलंय? ठेवलं असेल तर त्याच्या बायकोला पाठवा. पुसलं असेल तर उमरग्याला या, टायरच्या दुकानात शमीम भाभींच्या समोर बसा, आणि पुसलं हे तुमच्या तोंडानं सांगा.