व्हिटॅमिनच्या बाटलीतल्या गोळ्या

बायकोला सात-आठ महिने मी ज्या व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या, त्या व्हिटॅमिनच्या नव्हत्या. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तिलाही नाही.

नव्वदच्या आसपास आम्ही लालबागची खोली विकून मीरा रोडला, शांती नगरात राहायला आलो. तिथे ती गप्प होत गेली. नळाला पाणी आलं तरी बादलीसमोर नुसती बसून राहायची. भाईंदर पश्चिमेच्या डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं, "डिप्रेशन आहे. गोळीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील. बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायची नाही." आजार बाईचा असला तरी तेव्हा त्याचं नाव नवऱ्यालाच सांगायचे. घरी येऊन मी गोळ्या पाकिटातून फोडल्या आणि व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. खरं कळलं तर ती खचेल, असं स्वतःला समजावलं. लाज मला वाटत होती, तिला नव्हे.

गोळ्यांच्या खोक्यातली इंग्रजी माहितीची घडीची चिठ्ठी मात्र जपून ठेवली. ऑफिसात डिक्शनरी उघडून वाचायचो. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, गुंगी. झटकन उठल्यास रक्तदाब उतरून चक्कर. मला भारी कुतूहल. एवढीशी गोळी पोटात जाते, तिला मनाचा पत्ता कोण सांगतं?

"अहो, सारखं माझ्या तोंडाकडे काय बघताय?"

"पाणी हवंय का?"

"चौथ्यांदा विचारताय. टँकर आला नाही आणि तुम्ही मला पाणी पाजत सुटलाय!"

बोलता बोलता ती हसली. गोळी सुरू करून अठरा दिवस झाले होते. मी मोजत होतो.

शेजारच्या गुजराती भाभींनीही फरक हेरला. "भाभी, कौनसा विटामिन खाती हो? मेरे को भी दो ना!" आमच्या मजल्यावर साखर, विरजण, मिरच्या या दारातून त्या दारात जायच्याच. हिने आठ गोळ्या कागदात बांधून दिल्या. मला कळलं ते चौथ्या दिवशी. भाभी देवासमोरून उठताना कोसळल्या आणि त्यांचं मनगट मोडलं.

"अहो, माझ्या गोळीने तर नाही ना झालं?"

चिठ्ठीतली ती ओळ मला पाठ होती. मी म्हटलं, "व्हिटॅमिनने कोणी पडतं का? उपास केला असेल त्यांनी."

उरलेल्या गोळ्या "तारीख उलटलीय" म्हणून मी परत मागून आणल्या. प्लास्टर निघेपर्यंत ही रोज त्यांच्या चपात्या लाटून द्यायची.

पुढे डॉक्टरांनी हळूहळू कमी करत गोळ्या थांबवल्या. ती बरी आहे. कोणी खचलेलं दिसलं की सांगते, "मी बघा, नुसत्या व्हिटॅमिनवर उभी राहिले." मी पेपर चाळत राहतो.

तिला तिच्या आजाराचं नाव आणि भाभींना त्यांच्या पडण्याचं कारण, एवढं मी अजून देणं लागतो.