साडी ओढायला जागा

जामनगरच्या आमच्या गल्लीत जुमाभाई खत्रींचं बांधणीचं दुकान माझ्या तांब्यापितळेच्या दुकानाला लागून होतं. साड्या ते रंगवण्याआधी दोऱ्यानं बांधलेल्या गाठींसकट विकायचे. गिऱ्हाइकानं पसंत केली की एक टोक जुमाभाईंच्या हातात, दुसरं घेऊन त्यांची बायको शरीफाबेन ओटा उतरून थेट गल्लीत. तिरका हिसका बसला की तडतड दोरे उडायचे आणि लालभडक कापडावर पांढरे ठिपके उमलायचे. गाठी डोळ्यांदेखत सुटल्या नाहीत तर माल छापील समजायचा, हा आमच्याकडचा रिवाज.

रस्तारुंदीत गल्ली गेली आणि तीन मजली काचेचा बाजार उभा राहिला. नकाशा पाहून सगळ्यांत खूश जुमाभाईच. "धूळ नाही, ऊन नाही. रंग उडायचा नाही बघ," मला म्हणाले. साडी ओढणार कुठं, हे त्यांना सुचलं नाही. मलाही नाही.

वरच्या मजल्यावर आम्हां दोघांना शेजारशेजारी गाळे मिळाले; जुमाभाईंचा दोन कपाटांतच भरला. बाहेर साडी ताणली की रखवालदार ओरडे, "काका, ही वाट आहे, वाळवण नाही!" मग ते गाठी घरीच सोडवून आणू लागले. बायका कापड चाचपत, "छापील वाटतं गं," म्हणत आणि जिना उतरत.

लग्नसराईत पोरबंदरहून जीवीबा आल्या, तीन पिढ्यांचं गिऱ्हाईक. बरोबर आलेल्या नातीसाठी घरचोळं हवं होतं, म्हणजे नवरीची साडी. आता तग धरायचा तो असल्या चार घरांवरच.

"जुमा, गाठी माझ्यासमोर सुटतील ना?"

"तुमच्यासमोर नाही तर कुणासमोर, बा?"

शरीफाबेन हळूच म्हणाली, "खाली नेऊ या, गाड्या लावतात तिथं."

"नवरीचं घरचोळं धुरात ओढू? गप, धर टोक."

ती काचेला टेकली, ते कपाटाला. तरी कापड लोंबतच होतं. तिरकं व्हायला जागा नव्हती, म्हणून जुमाभाईंनी सरळच हिसका दिला. दोऱ्यांआधी कापड फाटलं, पार पदरापर्यंत.

नात आजीमागे सरकली. जीवीबा रागावल्यासुद्धा नाहीत. "चल गं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी जुमाभाईंबरोबर गाठी बांधणाऱ्या बायकांच्या वस्तीत गेलो. करंगळीच्या वाढवलेल्या नखानं कापड चिमटत त्या दारात बसल्या होत्या.

"हातातलं संपवा. नवं घेऊ नका," ते म्हणाले.

"कधीपर्यंत, भाई?" त्यांतल्या राणबाईनं विचारलं.

जुमाभाईंनी तिची राहिलेली मजुरी मोजून पुढं केली. राणबाईनं करंगळी तोंडात घातली आणि वाढवलेलं नख तोडून थुंकून टाकलं.