सरक मांगं

नारायण गेल्याचा निरोप मला परतवाड्याच्या बाजारात मिळाला, आणि खरं सांगतो, रडू येण्याआधी संतापच आला. या गृहस्थानं आयुष्यभर मला उन्हात उभं केलं आणि स्वतः मात्र न सांगता निघून गेला... महिना झाला, राग अजून पुरता उतरलेला नाही.

अमरावतीबाहेर, रिद्धपूरच्या वाटेवर त्याचा संत्र्यांचा बगीचा. झाडं देवाच्या भरवशावर, मालक कॅमेऱ्यात. घरच्या म्हशीपासून डिप्टी कमिशनरच्या घोड्यापर्यंत सगळ्यांचे फोटो काढून झाले. राहिली फक्त त्याची बायको, आमच्या सखूवहिनी. कॅमेरा दिसला की त्यांचा पदर कपाळावरून सुटायचा तो थेट हनुवटीवर येऊन थांबायचा. आणि नारायणाला तर तेवढाच एक फोटो हवा होता. म्हणून त्यानं मुंबईहून लांब लेन्स मागवली, दुरून जवळचं टिपणारी. ती अकोल्याच्या दुकानात आली. आणायला सोबत मी, दुसरा कोण मोकळा असणार?

धोतरात गुंडाळून ते धूड खांद्यावर घेतलं, तर आम्ही तोफखान्यातून पळाल्यासारखे दिसू लागलो. अकोला स्टेशनावर जमादारानं अडवलं.

"लायसन हाय का?"

"हाय ना," नारायण ऐटीत म्हणाला, "हेच तं लेन्स हाय."

"हे बंदूक हाय. लायसन दाखव."

"तेच तं दाखवून राहिलो, साहेब."

वऱ्हाडातल्या सगळ्या गाड्या निघून गेल्या, तरी हे चालूच. शेवटी जमादाराचा मिशांसकट फोटो काढायचं कबूल केलं तेव्हा सुटलो.

घरी येऊन ओसरीवर कॅमेरा मांडला. वहिनी पार बगीच्याच्या टोकाला झेंडू तोडत होत्या. चेहरा उघडा, ऊन बरोबर गालावर. मी श्वास रोखला... आणि हा गडी बोंबलला, "अवो, फोटो काढून राहिलो बरं का."

पदर हनुवटीवर.

"काहून बोंबलला बे? त्यासाठीच तं हे आणलं ना?"

"न विचारता काढला तं चोरी होते, गड्या."

"मंग जवळ जाऊन विचार."

"जवळून विचारलं तं ते नाई म्हणते. दुरून तिचं 'नाई' आयकू येत नाई."

अशा माणसापुढं कपाळ बडवण्यापलीकडं काय करणार? पुढं वर्षानुवर्षं हेच. चित्र स्पष्ट दिसेल अशी काच जुळवायला वहिनींच्या जागी आधी मला उभं करायचा. "सरक मांगं... अजून मांगं..." त्या हिशेबानं मी केव्हाच अचलपुरात पोचायला हवा होतो. आणि दर वेळी ऐन वक्ताला त्याची ती हाक.

तेराव्याला हार घालायला फोटो शोधला, तर घरभर फोटो आणि त्याचा एकही नाही. मेला कायम कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखाली. मी चिडलोच. तेव्हा वहिनींनी आतून एक आणून दिला. झाडांमध्ये नारायण, तोंड उघडं, हात पुढं करून कुणाला तरी ढकलतोय. कडेला फक्त एक खांदा दिसतो. खांदा माझा.

"तुमाले मांगं साराले गेले होते," वहिनी म्हणाल्या. "कॅमेऱ्याचा फोटो काढायचा फुगा इथंच लोंबत होता. दाबला."

"त्याले विचारलं होतं?"

"नाई. फोटो धुतल्यावर दिसलं त्यायले. मलेच देऊन टाकला."

आता ओसरीवर तोच फोटो आहे. पायरी चढून वर गेलो की तो हात समोर येतो आणि मी, इतकं सोसूनही, पाऊलभर मागं सरतोच. वहिनी सुपात धान्य पाखडत बसलेल्या असतात. पदर कपाळावरच.

"अजून थोडं मांगं, भाऊजी," म्हणतात.