बिनहाताची माणसं

माझी उमेदीची वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर लोखंड कातण्यात गेली. त्यामुळं लाकूड म्हणजे पोरखेळ, असा माझा समज. शहाण्णव साली कुरुंदवाडला भाचीचं, निशाचं लग्न ठरलं आणि मी बायकोला सांगून टाकलं, "औंदा भांडी द्यायची न्हाईत. लाकडाची नवरा-नवरी मी स्वतः घडवणार."

रूपाली म्हणाली, "घडवा की. मी आपली पातेली घेऊन ठेवते."

कारखान्याच्या लेथवर मी दोन बाहुल्या कातल्या. लेथवर होतं ते गोलच होतं, हात कुठून येणार? डोळे रंगवले आणि खोक्यात घातल्या.

लग्नात आहेर पुकारणाऱ्यानं खोकं उघडलं आणि माईकवर गर्जला, "कोल्हापूरचे मामा प्रसेनजीत कांबळे यांच्याकडून एक लाटणं आणि एक बत्ता!"

मांडव हसला. नवऱ्याची आजी धोंडुबाई मात्र नवरीची बाहुली हातात तोलून म्हणाली, "बत्ता चांगला जड हाय."

पुढच्या रविवारी मी शाहूपुरीत लाकूड कातणाऱ्या बाबालाल कातारींच्या दुकानी गेलो. खाटेचे खूर आणि पाळण्याचे खांब करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तशीच आणखी एक बाहुली कातून नेली होती, ती मी पुढं ठेवली.

"पावणं, ह्यो कुठल्या खाटंचा खूर?"

"नवरी हाय ती."

मशीन बंद करून ते खाली बसून हसले. मग म्हणाले, "पटाशी एवढी दाबू नका. लोखंड न्हवं ते."

दर रविवारी शिकायला जायला लागलो. सात वर्षांत शेजारी, डॉक्टर, पोरांचे मास्तर, कोणी सुटलं नाही. बाहुली शोकेसमध्ये बसेपर्यंत मी दारातून हलत नसे, म्हणून सगळ्यांनी घेतली.

दोन हजार तीनला बाबालालभाईंचे हात थरथरायला लागले. दुकान बंद झालं. मी त्यांचीच बाहुली कातली, टोपी, दाढी, पोटासकट, आणि त्यांच्या घरी गेलो. त्यांची मुलगी शबनूर मला आत घेऊन गेली. भाईंनी बाहुलीवरून अंगठा फिरवला. मी परीक्षेतल्या पोरासारखा उभा.

"कोण हाय ह्यो?"

"तुम्हीच की."



"दाढी जमलीया," ते म्हणाले. "पोट जास्ती झालंय."

बाहुली सदऱ्याच्या खिशात घालून त्यांनी शबनूरला चहा टाकायला सांगितलं.  मी पोटाचं माप मिलिमीटरमध्ये सांगत बसलो.