अर्ध्यावर ठेवायचा पॅक

कवळ्या बनवणाऱ्या माणसाचं नाव कुणी लक्षात ठेवत नाही. त्याच्या हातचे दात तोंडात घालून लोक गावभर हसत फिरतात आणि तो कोण, हे विसरून जातात. पण अशाच एका कवळीवाल्यांना रेसच्या गच्चीवर एक नाव मिळालं होतं: बल्बकाका.

ही गच्ची एका बंद पडलेल्या मोठ्या दुकानाची. पूर्वी तिथे गिऱ्हाइकांच्या मोटारी उभ्या असायच्या. आता रविवारी तिथे रिमोटवरच्या हातभर गाड्या पळतात आणि मोठी माणसं कठड्याशी उभी राहून लहान मुलांसारखी ओरडतात. बल्बकाकांनी रिमोट कधी हातात धरला नाही. गाडी चालवायची त्यांची लेक. ते तिच्या बॅटऱ्यांचे पॅक सांभाळायचे.

"त्या बॅटऱ्यांच्या निम्मं लक्ष माझ्याकडे दिलं असतंत, तर मीही अजून पळाले असते," बायको म्हणायची.

"तू काय कमी पळतेस? मला तर अजून गाठता येत नाही," काका म्हणायचे आणि पुन्हा पॅककडे वळायचे.

त्यांना हा नाद लागला तो निकेलच्या पॅकमुळे. रेस संपली तरी पॅकमध्ये थोडा जीव उरलेला असतो. निकेलचा पॅक तसाच ठेवला तर आतले सेल एकमेकांशी फटकून वागू लागतात, म्हणून उरलेलं काढून टाकायचं, अशी तेव्हाची रीत. काका मोटारसायकलच्या हेडलाइटचा बल्ब पॅकला जोडायचे. बल्ब आधी पिवळा जळायचा, बराच वेळ तसाच राहायचा, मग मंद होत होत आतली तार तांब्यासारखी लाल दिसायची. ती लाल झाली की वायर ओढून घ्यायची. बाकीचे लोक बल्ब जोडून गप्पा मारायला जात. काका मात्र बल्बजवळच बसून राहत. एकदा त्यांनी बल्बवर हात धरला आणि लेकीला हाक मारली.

"अगं, हात धर इथे. तुझ्या गाडीच्या न पळालेल्या फेऱ्या आहेत या. ऊब होऊन चालल्यात."

लेकीने हात धरला, हसली, आणि दुसऱ्याच रविवारी सगळी गच्ची त्यांना बल्बकाका म्हणू लागली.

पुढे लिथियमचे पॅक आले. हलके, चपटे आणि स्वभावाने अगदी उलटे. पूर्ण रिकामा केला की मेला. भरलेला ठेवून दिला तर आतल्या आत खराब होतो. वापरायचा नसेल तेव्हा अर्ध्यावर ठेवायचा.

"अर्ध्यावरच का पण?" काकांना राहवेना.

"अर्ध्यावर त्याला शांत झोप लागते, बाबा."

"म्हणजे माझ्यासारखाच. पोट फुटेस्तोवर जेवलो तरी झोप नाही आणि उपाशी निजलो तरी नाही."

लेकीकडे असे दोन पॅक होते. हंगामाच्या शेवटच्या रविवारी दोन्ही लागणार होते: एक निवडीच्या फेरीला, दुसरा अंतिम फेरीला. मध्ये तोच पॅक पुन्हा भरण्याइतका वेळ नसतो. उसना पॅकही चालत नाही, कारण सुरुवातीला तपासून ज्यावर शिक्का मारला, तोच वापरायचा असा नियम. आणि या वर्षी लेक पहिल्यांदाच गुणांत वर होती. तिच्या पुढे फक्त गच्चीवर गाडी पळवणारा एक बेकरीवाला.

त्याच्या आदल्या रविवारी वाऱ्याने कठड्याचे फलक उडाले आणि रेस रद्द झाली. पॅक मात्र भरून तयार होते. लेकीला कामासाठी बाहेरगावी जायचं होतं.

"बाबा, दोन्ही अर्ध्यावर आणून ठेव. चार्जरला लाव, तो जास्तीचं काढून घेतो आणि आपोआप थांबतो."

पहिला पॅक काकांनी चार्जरला लावला. चार्जर हे काम फार सावकाश करतो, दुपार सरली तरी आकडा रेंगाळतच होता. दुसरा पॅक टेबलावर, बल्ब खणात. काकांच्या मनात आलं, लिथियमवर बल्ब कसा जळत असेल? अर्ध्यावर आला की ओढून घेऊ. इतकी वर्षं बल्बच तर बघतोय.

बल्ब लागला. छान पिवळा, ठाम. काका एका कवळीला पॉलिश करत मधूनमधून त्याच्याकडे बघत होते. जरा मंद झाला की अर्धं झालं, असा त्यांचा हिशोब. पण बल्ब तसाच. मग एकदाचा मंद झाला. काका खूश होऊन वायरकडे हात नेतात तोच तो झरझर उतरला आणि तार लाल झाली.

पॅक भरलेला असो की अर्धा, बल्ब तसाच जळतो. मंद होतो तो शेवटी. निकेलच्या वेळी त्यांना शेवटच तर हवा असायचा. मधलं काही बघायची वेळच कधी आली नव्हती.

त्यांनी वायर ओढली आणि पॅकला छोटा मीटर लावला. आतल्या दोन सेलपैकी एक पार तळाला गेला होता. पण बघता बघता आकडा स्वतःहून वर चढू लागला. चढला, चढला, आणि मध्येच थांबला. चार्जरला लावल्यावर चार्जरने नुसती शिटी मारली आणि पॅक घ्यायचं नाकारलं.

त्यांनी बेकरीवाल्याला फोन केला.

"हात्तिच्या! चार्जरला सांगायचं, हा निकेलचा आहे. थोडा करंट गेला की पॅक डोळे उघडतो. मग लिथियमवर घ्या. ताईंना पत्तासुद्धा लागणार नाही."

"असं करतात?"

"सगळेच करतात, काका. कबूल कोण करतं?"

काकांनी चार्जर निकेलवर घेतला. बटणावर बोट ठेवलं. मग, हाताला सवयच होती म्हणून, पॅकवरून अंगठा फिरवला. आयुष्यभर लोकांच्या हिरड्यांवरून त्यांचा अंगठा फिरला होता, सूज डोळ्यांच्या आधी त्याला कळायची. पॅक एका बाजूला किंचित फुगला होता. इतका किंचित की लेकीला दिसला नसता. तिने तो गाडीत घातला असता, भरताना शेजारी बसली असती, आणि फुगलेला पॅक भरताना पेट घेतो.

त्यांनी बोट उचललं, पॅक बाहेर वाळूच्या बादलीत ठेवला आणि लेकीला फोन लावला.

त्यांनी झालेलं सगळं सांगितलं.

"चार्जरला लाव म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंस."

"मग?"

"बघायचं होतं, कसा जळतो ते."

"बाबा, तू ना..." आणि फोन ठेवला गेला.

"काय म्हणाली?" बायकोने विचारलं.

"काही नाही म्हणाली."

"मग चांगलीच चिडलीय."

रविवारी निवडीच्या फेरीतून लेक अंतिम फेरीत आली. काकांशी ती कामापुरतंच बोलत होती. मग काकांनी पिशवीतून जुना निकेलचा पॅक काढला. दरवर्षी ते हट्टाने त्याच्यावर शिक्का मारून घेत, आणि तपासणारा दरवर्षी हसे.

"भरून आणलाय. अजून कोमट आहे. कोमटच जोरात पळतो."

लेकीने पॅककडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि तो गाडीत बसवला.

गाडी सुटली ती सगळ्यांच्या पुढे. बेकरीवाला मागून हॉर्नसारखा ओरडत होता. काकांना मात्र मनातल्या मनात बल्बच दिसत होता: पिवळा, पिवळा, अजून पिवळा. शेवटच्या वळणांवर गाडीचा आवाज बसला. सरळ पट्ट्यात बेकरीवाल्याची गाडी शेजारून निघून गेली. लेक दुसरी आली.

"काका, तुमच्या म्हाताऱ्याने घाम फोडला मला!" बेकरीवाला म्हणाला. "आणि त्या दुसऱ्याचं काय झालं? उघडले डोळे?"

"फुगला होता. सांगून टाकलं."

बेकरीवाला स्वतःच्या पॅकवरून हळूच अंगठा फिरवत निघून गेला.

लेक आली. तिच्या एका हातात चांगला पॅक होता आणि दुसऱ्या हातात घरून आणलेली वाळूची बादली, आत फुगलेला पॅक.

"हा अर्ध्यावर आणायचा," तिने चांगला पॅक त्यांच्यापुढे धरला. "चार्जरवर."

"आणि बल्ब..."

"बाबा!"

"विचारलं नुसतं."

"बल्ब ह्याला लाव. मेलेला पॅक टाकायच्या आधी पूर्ण रिकामा करावा लागतो. शेवटचा थेंबसुद्धा ठेवायचा नाही."

काकांनी खिशातून बल्ब काढला. बादली कठड्याजवळ, माणसांपासून लांब ठेवली, वायर जोडली आणि दोघं जरा मागे सरून बसली. तार नुसती लाल झाली, मग काळी. काकांचा हात सवयीने वायरकडे निघाला आणि लेकीने तो धरून ठेवला.

"राहू दे. अजून येतंय."

"दिसत तर नाही काही."

"दिसत नाही, पण येतंय."

काका पुढे वाकले. "वायर काढली तर पुन्हा चढेल का गं आकडा?"

लेकीने पिशवीतून मीटर काढला.