मरणानंतरचं हसू

मी बी.ए. झालो तो दिगंबरकाकांमुळे. माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. पुण्यात काकांनी मला आपल्या खोलीत ठेवून घेतलं. ते सिनेमा-मालिकांत म्हाताऱ्यांची कामं करायचे आणि बहुतेक वेळा मरायचे.

"काका, आज कशानं गेलात?" मी विचारायचो.

"हार्ट अ‍ॅटॅक. उद्या गोळी. परवा जिवंत आहे, मटण आण."

मरणाचा शॉट संपला की डोळे उघडून कॅमेऱ्याकडे बघत हसायचं आणि मगच उठायचं, अशी त्यांच्या धंद्यात रीत. न हसता उठणं अशुभ. एकदा काका घाईत विसरले, तर रिक्षा अर्ध्या वाटेतून वळवून हसून आले.

आज आठवा दिवस. काका आत बेशुद्ध आहेत आणि मी हॉस्पिटलच्या बाकावर बसलोय. समोरच्या टीव्हीवर त्यांची जुनी मालिका लागली आहे. तिथेही ते मरताहेत. शेजारच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "किती खरं मरतात हो हे!" मला ओरडावंसं वाटलं. मरण साऱ्या गावाला दाखवतात, पण नंतरचं ते हसू कापून टाकतात. माझा जीव त्या कापलेल्या तुकड्यात अडकला आहे.

मला आत सोडत नाहीत. म्हणून सिस्टरांच्या हाती चिठ्ठी दिली आणि काकांच्या कानाशी वाचायला सांगितली:

"काका, शॉट संपलाय. सगळे थांबलेत. एकदा हसा आणि उठा."